डबा संपला की बाळ देईन

मी मेस्त्रींच्या स्वयंपाकघरातला पांढरा डबा बोलतोय. निळ्या झाकणाचा. आत्ता माझ्या पोटात काय आहे ते शेवटी सांगेन, आधी काय होतं ते ऐका. कोलॅजनची भुकटी होती. माशांच्या कातडीपासून करतात ती. मला कारखान्यात साच्यातून काढलं, पोटात भुकटी भरली, आत एक छोटा प्लास्टिकचा चमचा टाकला आणि अंगावर एक चित्र चिकटवलं. चित्रात पांढऱ्या केसांची एक बाई दोन्ही हात वर करून उडी मारते आहे. एवढा माझा जन्म. त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

कांदिवलीच्या औषधाच्या दुकानात मी वरच्या फळीवर बसून होतो. एक दिवस एक तरुण बाई आली. कडेवर बाळ, खांद्याला पिशवी, आणि फोनमध्ये माझाच फोटो. ती जान्हवी. तिनं फोटो पुढे केला तसा दुकानदारानं मला खाली काढलं, धूळ पुसली.

"ताई, ये मच्छी से बनता है, चलेगा ना?"

"चलेगा. हम लोग मालवणी है," जान्हवी म्हणाली. मग जरा थांबून, "पर सोमवार को नहीं चलेगा."

दुकानदार हसला. "तो सोमवार को इसकी छुट्टी."

अशी माझी सुट्टी मी घरात पाऊल टाकायच्या आधीच ठरली.

घर लहानच. दोन खोल्या, खिडकीत तुळस, ओट्याच्या वर फळी. घरात जान्हवी, तिचा नवरा सुयोग, त्यांची पाच महिन्यांची स्वरदा आणि सुयोगची आई मालन. मला बघून मालननं चष्मा वर केला.

"गो बाये, ह्या काय हाडलंस?"

"हाडांसाठी आहे, आई. दुधात टाकून प्यायचं."

मालननं झाकण उघडलं, नाक आत घातलं. "माशाचा मां?"

"तुम्हाला कसं कळलं? वास तर येत नाही म्हणाला तो."

"माझो जल्म माशांत गेलो. माका कळाचा नाय?" मग तिनं माझ्या अंगावरचं चित्र पाहिलं. "आणि ही बाय खंय उडता?"

जान्हवी हसली. पण लगेच तिचं हसू गेलं. ते तसं का, हे मला हळूहळू कळलं.

स्वरदा जन्मल्यापासून तिची अंघोळ मालनच घालायची. मोरीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला पायांवर उताणं घ्यायचं, तेल लावायचं, कोमट पाणी ओतायचं. कोकणातली आजी अशीच अंघोळ घालते. मालननं सुयोगला अशीच घातली होती. अंघोळीनंतर बाळ गाढ झोपायचं, आणि मालन दिवसभर खुशीत असायची.

मग एक दिवस मोरीतून उठताना तिचा तोल गेला. हात टेकला तर मनगट मोडलं. नशीब, बाळ तेव्हा जान्हवीकडे होतं, टॉवेलात. नुसता हात टेकून हाड मोडतं कसं, म्हणून डॉक्टरांनी तपासणी केली. हाडं विरळ झाली होती, ठिसूळ. ऑस्टिओपोरोसिस.

प्लास्टर निघालं तरी जान्हवीच्या मनातली भीती निघाली नाही. सातवीपर्यंत शिकलेली पोर, डोक्यात सतत काही ना काही चालू. बाळ शिंकलं तरी धावायची, झोपलं तरी नाकाखाली बोट धरून बघायची. आता तर तिला दोघींचं भय. आईंनी बाळाला उचललं आणि दोघी पडल्या तर? तिनं अंघोळ स्वतःकडे घेतली. मालननं हात पुढे केले की ती पटकन म्हणायची, "राहू द्या आई, तुम्ही बसा ना."

मालन बसायची. मोरीच्या दाराशी. आतून पाण्याचा आवाज यायचा आणि तिचे पाय, बसल्या जागी, आपोआप लांब व्हायचे. मी फळीवरून बघायचो.

मी आलो त्या दिवशी तिनं स्वरदाकडे बोट करून विचारलं, "ह्या पिल्यावर चेडवाक माझ्याकडे देशीत?"

जान्हवी वाईट नव्हती हो. नाही म्हणायला जीभ उचलेना. तिनं माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हा डबा संपला की देईन. नक्की."

झालं. त्या एका वाक्यानं मी औषध राहिलो नाही. अडसर झालो.

पहिले काही दिवस सगळं सरळ चाललं. सकाळी एक चमचा कोमट दुधात, सोमवारी सुट्टी. मग माझ्या लक्षात आलं, जान्हवी बाळाला पाजायला आतल्या खोलीत गेली की मालन ओट्यापाशी यायची. झाकण हळूच फिरवायची. एक चमचा. आणखी एक. दुपारी ताकात. संध्याकाळी भाताच्या पेजेत. सोमवार मात्र कटाक्षानं पाळायची. तेवढं सोडलं तर तिनं मला संपवायचा चंगच बांधला होता. हाडांसाठी नव्हे, स्वरदासाठी.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. डॉक्टरांनी तिला हाडांची खरी गोळी दिली होती. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. सोमवार लक्षात राहतो म्हणून जान्हवीनं वार सोमवार ठरवला. मी यायच्या दोन सोमवार आधी मालननं गोळी घेतली, आणि 'अर्धो तास कोण बसतलो' म्हणून परत जाऊन पडली. छातीत आग आग झाली. तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी गोळी तोंडाशी नेली, परत पाकिटात कोंबली आणि पाकीट फळीवर सरकवलं. मी आल्यावर ते माझ्या पाठीमागे गेलं.

"डबो आसा मां," ती स्वतःशीच पुटपुटायची. "गोळी कित्याक?"

मला ओरडावंसं वाटायचं. मालन, बाई, मी नुसती भुकटी आहे गं. मी हाताला हात लावेन, पण तुझं सगळं ओझं एकट्यानं नाही उचलू शकत. माझ्या अंगावरची बाई उडी मारते आहे ती फक्त कागदावर. पण डब्याला तोंड असलं तरी आवाज नसतो. आणि माझ्या आडोशालाच ते पाकीट लपलेलं. मला माझ्याच पाठीची लाज वाटायची.

एका सकाळी जान्हवी मोरीतून बाळाला घेऊन बाहेर आली, तर मालन मला उलटा धरून उभी. ओट्यावर मला ठोकून दाखवत होती.

"संपलो! बघ, कण नाय. आता दी."

"संपला?" जान्हवीचा चेहरा उतरला. "आई, आत्ता तर आणला. एवढ्यात कसा संपेल?"

"पियाले."

"रोज एक चमचा सांगितला होता ना?"

ओला टॉवेल गुंडाळलेल्या नातीकडे मालन बघत राहिली. मग हात पुढे केले. ते मनगट अजून जरा वाकडंच होतं. "हाडां घट झाली आता. दी गो चेडवाक."

जान्हवी मागे सरली. "अहो, इकडे या! आईंनी अख्खा डबा खाल्ला!" सुयोग दाढीचा फेस घेऊनच आला.

"आई, अगं काय तू! बोर्नव्हिटा आहे काय तो?"

"तुमकाच घाई नाय. माका आसा."

डॉक्टरांकडे जायचं ठरलं. गोळीचं पाकीट बरोबर न्यावं म्हणून जान्हवीनं फळीवर हात घातला. माझ्या नेहमीच्या जागेमागे तिला ते सापडलं. गोळ्या जवळजवळ सगळ्या तशाच. ती पाकीट हातात घेऊन ओट्याला टेकली. मला वाटलं आता भडकेल. भडकलीच.

"आई, हे काय? ह्या का नाही घेतल्या? उद्या पाठीचं हाड गेलं म्हणजे? मी एकटी काय काय बघू?"

मालनचा आवाज एकदम लहान झाला. "गोळयेचा तू बोललंसच नाय. तू बोललंस, डबो संपलो की."

बाळ जान्हवीच्या कडेवरून आजीकडे झुकत होतं, आणि ती त्याला धरून होती. मग तिनं नाक पुसलं, पाकीट पिशवीत घातलं, आणि मलाही घातलं. "चला. याला पण दाखवू."

डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेऊन फिरवून फिरवून वाचलं.

"हे घेतल्यानं थोडीफार मदत होते असं काही अभ्यास सांगतात. घ्यायचं तर घ्या. पण जास्त घेतलं म्हणून हाड जास्त घट्ट होत नाही, आजी. आणि ही भुकटी गोळीच्या जागी चालत नाही. गोळी का सोडली?"

"छातीत जळजळला."

"घेऊन आडव्या झालात?"

मालन माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच उत्तर देणार.

"म्हणूनच सांगितलं होतं, अर्धा तास ताठ बसा. आता मी पोटावर हात लावून बघते, आणि बसायचं नीट जमलं तर हीच गोळी चालू ठेवू. परत जळजळलं तर लपवायचं नाही, मला सांगायचं."

"अर्धो तास नुसता बसान काय करू?" मालन म्हणाली. "भिंतीकडे बघू?"

जान्हवीनं विचारलं, "मॅडम, त्या बसलेल्या असताना बाळ मांडीवर दिलं तर चालेल? उचलायचं नाही. मीच ठेवीन, मीच उचलीन."

"खुर्चीला नीट पाठ टेकलेली असेल, तुम्ही जवळ असाल, तर मांडीवर द्या की. खाली वाकून उचलणं नको, बस."

मालननं पदर तोंडाला लावला. परत येताना रिक्षात स्वरदा बडबडत होती.

आता माझं सांगतो. नवा डबा आला, तो माझ्यापेक्षा बारीक आहे आणि त्याचं झाकण जान्हवीच्या ताब्यात आहे. मला मालननं घासलं, खिडकीत तुळशीपाशी उन्हात वाळवलं, आणि माझ्या पोटात सुका जवळा भरला. माशातून आलो, माशाकडे गेलो. अंगावरची उडी मारणारी बाई पाण्यानं निघाली. आता नुसता तिचा एक हात राहिला आहे, वर केलेला.

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद आला तर त्याला घ्या, पण डॉक्टरांना विचारून. त्याच्या मागे गोळ्या लपल्या नाहीत ना, एवढं बघा. आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातातून काही काढून घ्यायची वेळ आली, तर त्याच्या मांडीवर काय ठेवणार ते आधी ठरवा. माझं एवढंच मागणं आहे.

जवळा असला तरी माझी सोमवारची सुट्टी कायम आहे. त्या दिवशी मला कुणी शिवत नाही, म्हणून मी निवांत बघतो. मालन गोळी घेते, पेलाभर पाणी पिते, लाकडी खुर्चीत ताठ बसते. जान्हवी मोरीतून येते आणि अंघोळ झालेलं ऊन ऊन बाळ तिच्या मांडीवर ठेवते. मग शेजारी जमिनीवर बसून राहते, एक हात खुर्चीच्या पायावर.

अर्धा तास झाला की जान्हवी म्हणते, "आई, झाला वेळ. चहा ठेवू?"

मालन घड्याळाकडे बघतच नाही.

"ऱ्हवं दे गो," ती म्हणते. "अजून गोळी उतराक नाय."