दुपारपर्यंतचं फूल

तिनं तांबड्या रंगात भिजलेला कुंचला पाकळीच्या कडेला टेकवला, तेवढ्यात दार वाजलं.

"उघडंच आहे!" ती मान न वळवता म्हणाली.

मोठी बहीण आत आली. पहाटेची बस धरून, न कळवता.

"ताई! अगं, बस ना. हे खसखशीचं फूल दुपारपर्यंत गळून जाईल. पुस्तकातलं एवढंच चित्र राहिलंय. तेवढं होऊ दे, मग निवांत बोलू."

"होऊ दे की. मी कुठं पळून चाललेय?"

ताईनं चहा केला, कप तिच्या हाताशी ठेवला. तो निवून गेला. पाकळी कशी, तर चुरगळून पुन्हा उलगडलेल्या रेशमासारखी. तिची एकेक सुरकुती कागदावर उतरवताना तिला मान वर करायची उसंत नव्हती. मागं ताईचं काहीबाही चाललं होतं. मुलाची बदली, सुनेचं माहेर, नवं घर.

"नव्या घरात जागा कमी. जुनं सामान काढून टाकायचं म्हणतात. त्यात मीही आलेच म्हणा," ताई हसून म्हणाली.

"हं." देठाजवळचा काळा डाग तांबडा ओला असतानाच भरायला हवा होता.

"तुझी मागची खोली रिकामीच असते का गं?"

"कागद पडलेत तिथं. ताई, जरा उजेडातून सरक ना."

ताई सरकली.

पहिली पाकळी गळली तेव्हा चित्र पुरं झालं होतं. ताईनं ते डोळे भरून पाहिलं.

"हुबेहूब. हात लावावासा वाटतो."

"आता बोल."

"बोलायचं काय? तुला बघायला आले होते. निघते, बस गाठायचीय."

थांब्यापर्यंत तिनं ताईची पिशवी घेतली. हात खांद्यातून खाली ओढला गेला.

"एवढं काय भरलंयस?"

"कपडे गं. असेच."

तिला उलगडा होईपर्यंत बस सुटली होती.

संध्याकाळी तिनं फोन केला. "ताई, इकडेच राहायला ये."

"अगं, मी आपलं सहज विचारलं होतं," ताई म्हणाली. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

पुस्तक निघालं. त्या चित्राचं ज्यानं त्यानं तोंड भरून कौतुक केलं. ताई आली ती पुढच्या वर्षी, एका दिवसापुरती, पाहुण्यासारखी. मागच्या खोलीतले कागद हलवून तिथं पलंग टाकलेला तिनं पाहिला. चादरीचं एक टोक लोंबत होतं, ते वाकून नीट खोचलं. बसली मात्र नाही.