पुढच्या रांगेचं जोतं

मागच्या रांगेतल्या घरांनाही समुद्र दिसायला हवा, हा हट्ट आर्किटेक्ट म्हणून माझाच. बिल्डर म्हणाला होता, "मॅडम, सगळ्यांना कसा दिसेल? मागच्यांनी गच्चीवर जावं." असलं बोलणं ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी पुढच्या रांगेची जोतीच मीटरभर खाली घेतली. आता मागच्या खिडक्यांतून, पुढच्या छपरांवरून थेट पाणी दिसणार होतं. सगळ्यांनी वाहवा केली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

जमीन पूर्वी लष्कराची. तिथे तोफांचा सराव चालायचा. मातीत रुतलेले, न फुटलेले गोळे काढून मगच ती आम्हाला मिळाली होती. पण तपासणी झाली होती ती दीड मीटर खोलीपर्यंतच. त्याखाली खणायचं नाही, हे मी उठता-बसता सगळ्यांना बजावत होते. मोठी शहाणी!

त्या सकाळी ऑफिसात चहा पिता पिता मी सहज ड्रॉइंग उघडलं. पायाची खोली एक मीटर. ठीक. आणि मग हातातला कप तसाच खाली ठेवला. पायाची खोली मी नेहमी जोत्यापासून मोजते. जोतं मीटरभर खाली गेलं होतं, आकडा मात्र साळसूदपणे तोच राहिला होता. म्हणजे मूळ जमिनीपासून खोदाई दोन मीटर. आणि साइट इंजिनिअर कोण? माझा सख्खा धाकटा भाऊ. "माझ्या नजरेसमोर राहील," असा आईला शब्द देऊन मीच त्याला तिथे चिकटवलं होतं.

फोन लावला. नुसताच वाजत राहिला. मशीनच्या धडधडाटात त्याला काय ऐकू येणार! चपला कुठे, गाडीची किल्ली कुठे, काही सुचेना. वाटेत प्रत्येक सिग्नलला शिव्या घातल्या, देवालाही सोडलं नाही. नको नको ते डोळ्यांपुढे येत होतं. आईला काय सांगू, एवढंच मनात घोळत होतं.

साइटवर मशीन बंद होतं. ड्रायव्हर सावलीत टेकला होता. भाऊ खड्ड्याच्या तळाशी उभा, हातात टेप. मला बघून हरखलाच.

"ताई, बघ! बरोब्बर तुझ्या ड्रॉइंगप्रमाणे. फक्त या कोपऱ्यात काहीतरी टणक लागलंय. पहार मागवलीय."

"हात लावू नकोस." माझा आवाज इतका शांत कसा निघाला, कोण जाणे. "उतरलास त्याच वाटेने वर ये."

"अगं, दगड असेल."

"ये म्हणते ना!"

लहानपणी मी ओरडले की तो मुद्दाम रमतगमत यायचा. आत्ताही तसाच आला, हसत. माझा जीव नुसता टांगणीला. काठाशी येताच मी त्याचं मनगट धरलं, ड्रायव्हरला हाक मारून उठवलं आणि दोघांना फरफटत पार रस्त्यापर्यंत नेलं. तिथे पोहोचल्यावर भावाच्या फाडकन एक कानाखाली दिली.

"मी काय केलं?" गाल धरून त्याने विचारलं.

"काही नाही रे." मला हुंदका आवरेना. "मी सांगितलं तेवढंच केलंस."