दोनच भाकरी

मुंजाबाच्या ताटात दोन भाकरी टाकून वच्छलाबाईनं तिसरीसाठी हात उचलला, तोच वाढपाच्या खिडकीवरचा दिवा लाल झाला.

“दोनच,” मागून ऋतुराजसर म्हणाले. सर कंपनीनं नवे नेमलेले आहारसल्लागार होते.

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात मुंजाबा एकवीस वर्षं लोखंडी सळ्यांची हातगाडी ढकलत होता आणि वच्छलाबाई तिथल्याच कँटीनात चौदा वर्षं ज्वारीच्या भाकरी थापत होती. त्याला चार भाकरी लागतात हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. ते त्याच्या पाठीकडं बघून कळत होतं.

पण महिन्यापूर्वी कंपनीला कामगारांच्या पोटाची काळजी वाटू लागली. माणसं खातात जास्त आणि हलतात कमी, असा शोध लागला. मग पगारपत्रकावरच्या प्रत्येकाच्या मनगटावर काळा पट्टा आला. पट्टा पावलं मोजणार, पावलांवरून जळलेल्या कॅलरी काढणार आणि तेवढ्याच भाकरी मिळणार; पावलं कमी पडली की खिडकीवरचा दिवा लाल. पहिल्याच आठवड्यात सर्वांत कष्टाळू म्हणून मॅनेजर आप्पासाहेबांचं नाव फळ्यावर लागलं. ते फोनवर बोलताना हात उडवत व्हरांड्यात फेऱ्या मारायचे. मुंजाबाचं नाव ‘बैठे काम’ या यादीत होतं.

“सर, हे मुंजाबा गाडी ढकलतेत,” वच्छलाबाई म्हणाली. “दांडा धरल्यावर हात हालतोय व्हय? पट्ट्याला काय कळणार?”

यंत्राला पक्षपात करता येत नाही, असं सरांनी तिला समजावून सांगितलं. दोन भाकरींवर मुंजाबा तांब्याभर पाणी प्याला आणि उठताना त्यानं टेबलाला हात लावला. चौदा वर्षांत तिनं त्याला असं उठताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याचा पट्टा मागून घेतला, बांगड्यांच्या मागं चढवला आणि थापायला बसली. पट्ट्याला ते पळणं वाटलं. दुपारपर्यंत मुंजाबा सतरा हजार पावलं चालला. दिवा हिरवा. भाकरी चार.

गाडीवाल्यांत अशी बातमी पसरायला किती वेळ लागतो? आठवडाभरात तिच्या हातावर कोपरापर्यंत सहा पट्टे झाले. गाडीखात्यानं आळस झटकला म्हणून कंपनीनं फळ्यावर अभिनंदनाचा कागद लावला. त्याच खुशीत ऋतुराजसर चहा सांगायला आत आले आणि दारातच थांबले.

“मावशी, ही फसवणूक आहे.”

“व्हय,” ती म्हणाली. हात थांबला नाही. “पण सर, येवढं कुणीतरी राबलंच ना? त्यांचं नाय म्हणता, तर मग हे राबणं कुणाच्या नावावर टाकता?”

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. कँटीनातल्या कंत्राटी बायकांना पट्टे दिलेले नव्हते. त्यामुळं त्यांच्या किती कॅलरी जळतात याची नोंद नव्हती आणि नोंद नसल्यामुळं त्या जळत नव्हत्या.

“तुम्ही सिस्टिममध्येच नाही, मावशी,” ते म्हणाले. त्यांनी एकेक पट्टा सोडवून खिशात टाकला. पुन्हा असं झालं तर काम जाईल, हेही अगदी सौम्यपणे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंजाबा खिडकीशी आला. दिवा लाल. सर शेजारीच उभे.

कँटीनात पीठ रोज मापून मिळायचं. त्यातल्या शेवटच्या दोन भाकरी वच्छलाबाईच्या. सगळे जेवून गेले की ती खायची. आज तिनं आपले दोन उंडे मुंजाबाच्या दोन उंड्यांत मळून टाकले होते. ताटात पडलेल्या भाकरी ताटाच्या काठाबाहेर आल्या होत्या आणि जाडीला बोटभर भरत होत्या.

सरांनी भाकरींकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या नियमांकडं. नियमांत आकाराबद्दल काही नव्हतं.

“दोनच हायेत, सर,” वच्छलाबाई म्हणाली. “मोजून घ्या.”

सरांनी मोजल्या. दोनच भरल्या.

मुंजाबा सावकाश जेवला आणि टेबलाला हात न लावता उठला. वच्छलाबाईनं रिकामी परात धुऊन पालथी घातली. मग ती तांब्याभर पाणी प्याली आणि दुसऱ्या पाळीचं पीठ आणायला उठली. उठताना तिनं भिंतीला हात लावला.