पान नववं, डावा हात

मी 'कॅप्टन भोवरा' या चित्रकथेचा एकेचाळिसावा अंक बोलतोय. तसा मी जन्मापासूनच बोलका. माझ्या एकेका चौकटीत तीन-तीन फुगे आहेत आणि प्रत्येक फुग्यात कुणी ना कुणी ओरडतंय. पण स्वतःबद्दल बोलायची वेळ पहिल्यांदाच आली आहे, आणि सांगण्यासारखं जे आहे ते फारसं मिरवण्यासारखं नाही.

आधी आमच्या नायकाची ओळख करून देतो. कॅप्टन भोवरा स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतो की भिंती फुटतात. फिरून झालं की त्याला गरगरतं आणि तो खांबाला धरून उभा राहतो. त्याच्या पोटावर जेवढे स्नायू काढलेत तेवढ्यांची नावं डॉक्टरांनाही सांगता यायची नाहीत. खलनायक आपला सगळा बेत दोन पानं भरून समजावून सांगतो आणि तोवर त्याचे गुंड मागे रांगेत गपचूप उभे असतात. बाराव्या पानावर कॅप्टनच्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत. माझी वाङ्मयीन योग्यता साधारण एवढी.

माझा जन्म एका छापखान्याच्या मागच्या खोलीतला. त्या काळी चित्राचे रंग यंत्र वेगळे करत नसे, माणूस करायचा. पिवळ्या, लाल आणि निळ्या रंगासाठी तीन वेगळ्या फिल्मा असत. कुठल्या फिल्मवर चित्राचा कुठला भाग यायचा, तो खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर वाकून ब्रशने भरायचा. कॅप्टनचे हातमोजे केशरी, म्हणजे ते एकदा पिवळ्या फिल्मवर भरायचे आणि एकदा लाल फिल्मवर. नवव्या पानावर एकच पानभर मोठं चित्र आहे. त्यातला डावा हात रंगवाल्याने पिवळ्यावर बरोबर भरला, आणि मग लालऐवजी निळ्यावर भरला. पिवळ्यावर निळा बसला आणि हात हिरवागार छापला गेला.

कारण विचाराल तर त्या दिवशी त्याची दाढ दुखत होती. गालाला रुमाल बांधून, एका डोळ्यातलं पाणी पुसत तो माझ्यावर वाकला होता. माझ्या जन्मामागची प्रेरणा म्हणतात ती हीच.

संपादकांनी छापलेली प्रत हातात घेतली आणि कपाळावर हात मारून घेतला. तोवर गठ्ठे बांधून गाडीत चढले होते. दुसऱ्या दिवसापासून रंगवाल्याला औषधांच्या खोक्यांची लेबलं छापतात त्या खोलीत पाठवलं. चित्रकथेवर कामगारांची नावं छापायची पद्धत नव्हती, त्यामुळे वाचकांना त्याचा पत्ताही लागला नाही. तो गेला लेबलांच्या खोलीत आणि मी ऐटीत बाजारात आलो.

पुस्तकांच्या दुकानदाराने मला एका गिऱ्हाइकासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. चौदा वर्षांचा मुलगा होता तो, दर महिन्याला न चुकता यायचा. त्या महिन्यात तो आला नाही. त्याची दहा वर्षांची बहीण आली आणि म्हणाली, "दादाचा अंक द्या." दादा आठवड्यापूर्वी तापाने गेला होता. दुकानदाराने मला तिच्या हातात दिलं आणि पाठ फिरवून उगाच पुस्तकं लावत बसला.

घरी जाऊन ती कपाटामागच्या फटीत बसली आणि मला उघडलं. आधीचा, चाळिसावा अंक तिला पाठ होता. त्यात कॅप्टनचा भाऊ पुलावरून लोंबकळत असतो आणि कॅप्टनच्या डाव्या हातातून त्याचा हात निसटतो. माझ्यात पुढची गोष्ट होती. नवव्या पानावर ती थांबली, आणि हिरव्या हाताकडे बघता बघता तिने मला ते सांगितलं जे आईलाही सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलात ती दादाचा हात धरून बसली होती. दुपार होती, आई औषध आणायला खाली गेली होती. हिला डुलकी लागली, हात सुटला, आणि जागी झाली तेव्हा दादा नव्हता.

"हात सोडला की तो असा होतो," ती मला म्हणाली. "तुला माहीत होतं."

मला काय माहीत असणार? मी दाढदुखीतून झालेला. पण ती माझ्यावर गाल टेकवून झोपली आणि मी मूग गिळून बसलो. तेव्हा जो गप्प बसलो तो छत्तीस वर्षं.

मुलगी मोठी झाली, शाळेत गणित शिकवू लागली. सगळे तिला बाई म्हणायला लागले, मीही म्हणतो. बाईंनी मला जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं, पाठीला पुठ्ठा लावला. एकेकाळी ज्या कागदात भजी गुंडाळायलाही कुणी तयार झालं नसतं, त्या कागदाला आता पांढरे सुती हातमोजे घालून हात लावायचे. मी शेफारलो. कुणीही शेफारला असता.

मग भोवरा मंडळ निघालं. एक दातांचे डॉक्टर, एक बसकंडक्टर, एक शिंपीणकाकू आणि आणखी पंधरा-वीस मोठी, शहाणीसुरती माणसं. दर रविवारी दुपारी बाईंच्या बाहेरच्या खोलीत जमून ती भांडायची. कॅप्टन डावीकडून फिरतो की उजवीकडून, यावरून डॉक्टर आणि कंडक्टर एकमेकांशी दोन महिने बोलत नव्हते. ही माणसं आमच्यात काय बघतात हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. चित्रं बघावीत तर जवळून नुसते ठिपके. गोष्ट बघावी तर ती मी वर सांगितलीच आहे. पण डॉक्टर पाकिटाचं तोंड जरासं उघडून माझा वास घ्यायचे आणि त्यांचा चेहरा दहा वर्षांचा व्हायचा. शिंपीणकाकू शेवटच्या पानावरची वाचकांची पत्रं मोठ्याने वाचायच्या. त्यातलं एक त्यांनी स्वतः लहानपणी पाठवलेलं होतं. त्यांना आमच्यातला शहाणपणा नको होता. ज्या वयात आम्हाला त्यांनी खरं मानलं, त्या वयाशी त्यांना इमान राखायचं होतं. यात माझं कर्तृत्व काही नाही, मी फक्त तेव्हा हजर होतो.

माझा मान मात्र सगळ्यांत मोठा, कारण हिरवा हात. मंडळाच्या पत्रिकेत बाईंनी त्यावर लांबलचक लेख लिहिला. भावाचा हात सोडल्याची खूण म्हणून चित्रकथा करणाऱ्यांनी तो हात मुद्दाम हिरवा केला, एका अक्षरानेही त्याचा उल्लेख केला नाही, कारण अपराध असाच गप्प असतो, असं त्यात होतं. दादाबद्दल त्यात एक ओळही नव्हती. लेख वाचून मलाच क्षणभर वाटलं की मी फार खोल आहे.

पुढे भोवऱ्यावर सिनेमा निघाला. तो करणाऱ्यांनी बाईंचा लेख वाचला आणि हिरव्या हाताला चांगला पाच मिनिटांचा प्रसंग दिला. मंडळ एका रांगेत बसून सिनेमा बघून आलं आणि रविवारी माझ्यासमोर त्याची चिरफाड झाली. बुटांना टाच दिली होती, ती कधी नव्हतीच. त्याहून वाईट म्हणजे कॅप्टनला गरगरायचं बंद केलं होतं. शिंपीणकाकू म्हणाल्या, गरगरत नसेल तर तो कॅप्टन कसला, कुणीही फिरेल. पण हिरव्या हाताचं नाव निघालं तेव्हा कुणी एकही चूक काढली नाही. कंडक्टरने चष्मा काढून पुसला. बाई आपला डावा हात उजव्या हातात धरून बसल्या होत्या. आता खरं कळलं तर या बाईंचं काय होईल, ही धास्ती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. छत्तीस वर्षं त्यांनी आपला भार माझ्यावर टाकलेला, आणि मी आतून पोकळ.

आणि नेमकं तेच झालं. चित्रकथेची जुनी विसरलेली माणसं हुडकून काढायची, ही असल्या मंडळांची खोडच असते. कंडक्टरने सहा महिने विचारपूस करून रंगवाल्याला शोधलं. पुढच्या रविवारी तो सुनेला सोबत घेऊन आला. पंचाहत्तरीचा, हलक्या पावलांचा, शर्टाच्या खिशात दोन-तीन पेन्सिली. डोळे अधू झालेले, म्हणून सिनेमा त्याने बघितला नव्हता. सगळे त्याला काका म्हणू लागले आणि त्याला सगळ्यांत चांगल्या खुर्चीत बसवलं.

मला पाकिटातून काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. हातमोजे द्यायच्या आत त्याने बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. खोलीत तीन माणसांचा श्वास अडकला. नवव्या पानाशी तो आला आणि त्याचा चेहरा उतरला. "हा अंक अजून आहे?" तो म्हणाला. मी केव्हाच लगद्यात गेलो असेन, अशी त्याची समजूत होती. ती त्याची आशाही असावी. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर वही उघडून पुढे सरसावले. काकांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि आधी चहा मिळेल का, असं विचारलं. सून आणि मंडळी उत्साहाने स्वयंपाकघरात धावली. बाई तेवढ्या मागे राहिल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "हा हात हिरवा करायचं तुम्हाला कसं सुचलं?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. समोर ताट वाढून ठेवलं होतं, नुसतं हो म्हणायचं होतं. मनातल्या मनात मी त्याला हात जोडले, माझ्या बत्तीस पानांत जेवढे आहेत तेवढे सगळे.

"सुचलं नाही, बाई. दाढ दुखत होती. लालऐवजी निळ्यावर भरला गेला. त्यानंतर मला रंगाला कुणी हात लावू दिला नाही."

मला डोळे मिटून घ्यायचे होते. पण माझ्यातले सगळे डोळे उघडेच छापलेत. बाईंनी नवव्या पानावरून एकदा बोट फिरवलं.

"म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

काकांना अर्थ लागला नाही. मग बाईंनी त्यांना सांगितलं. हॉस्पिटल, दुपार, आई खाली गेलेली, डुलकी. कपाटामागे मला सांगितलं होतं त्याच क्रमाने, प्रमेय समजावून सांगताना बोलतात तशा सपाट आवाजात. स्वयंपाकघरातून कपांचा आवाज येत होता. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं वय काय होतं तेव्हा?"

"दहा."

"मग चूक कशाला म्हणतात ते मला विचारा," काका म्हणाले. "मी मोठा माणूस होतो, ते काम मला येत होतं, आणि ते मी चुकवलं. तुम्ही काही चुकवलं नाहीत, बाई. दहा वर्षांचं पोर दमलं आणि झोपलं."

बाई रडल्या. तोंडावर पदर नाही, रुमाल नाही, उघड्या तोंडाने, लहान मुलं रडतात तशा रडल्या. त्यातले दोन थेंब माझ्यावर पडले आणि मी हललो नाही.

काका कावरेबावरे झाले. रडणाऱ्या बाईचं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं, चित्राचं काय करायचं तेवढं माहीत होतं. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि विचारलं, "दुरुस्त करून देऊ का?"

तासाभरापूर्वी असं कुणी नुसतं बोललं असतं तरी बाईंनी त्याला घराबाहेर काढलं असतं. त्यांनी नवव्या पानाकडे पाहिलं, नाक पुसलं, आणि मला काकांकडे सरकवलं.

"करा," त्या म्हणाल्या.

ऐन उमेदीची वर्षं रंगात घालवलेल्या माणसाला हिरव्यावर लाल घासलं की काय होतं हे माहीत असायला हवं होतं. केशरी काही झालं नाही. जन्मात दुसऱ्यांदा त्याने माझ्या डाव्या हाताचे बारा वाजवले. तेवढ्यात चहा घेऊन डॉक्टर आत आले, माझ्याकडे बघितलं आणि कप हातात घेऊन तसेच जमिनीवर बसले.

पुढच्या पत्रिकेत बाईंनी सगळं खरं छापलं, दादासकट. आईला आधी वाचून दाखवलं. शेजारी रंगवाल्याचं पूर्ण नावही ठळक अक्षरांत दिलं. अर्ध्या मंडळाचा अजूनही विश्वास बसलेला नाही. डॉक्टरांचा बसला आहे, पण दाढ वरची होती की खालची, याची नोंद व्हायला हवी असा त्यांचा आग्रह आहे. मंडळाच्या यादीत माझा दर्जा 'उत्तम'वरून 'खराब' झाला आणि जुन्या अंकांच्या प्रदर्शनातून माझं नाव कापलं गेलं. गूढ असण्यात मजा होती, नाही असं नाही. पण फार ताण यायचा.

कधी आलात तर नववं पान उघडून बघा. तो हात आता केशरी नाही आणि हिरवाही नाही. मातकट, तपकिरी झालाय, कुठल्याही माणसाचा असतो तसा. बाई मला मांडीवर घेऊन बसायच्या तेव्हा इतकी वर्षं त्या पानापाशीच थांबायच्या. आता पान उलटतात आणि शेवटपर्यंत वाचतात. माझा शेवट किती टुकार आहे हे त्यांच्या लक्षात आलंय, आणि परवा त्या तो वाचून मोठ्याने हसल्या.