पुराच्या रेघेची चौकशी

शाळेच्या बाई पोरांना घेऊन गल्लीत शिरल्या, तेव्हाच घड्याळवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली. चौथीची बावीस पोरं, प्रत्येकाच्या हातात वही, दोघांकडे शिंप्याची टेप. पोरं चौकटी मोजत होती, पायऱ्या मोजत होती.

"ही मोजमापं उगाच नसतात," ते बायकोला म्हणाले. "पलीकडची गल्ली अशीच मोजली आणि सहा महिन्यांत रस्ता रुंद झाला. मोठ्या माणसांना कुणी दारात उभं करत नाही, म्हणून आता पोरं पाठवलीत."

"अहो, आपल्या परिसराचा इतिहास शिकताहेत ती. बाईंनी कालच चिठ्ठी दिली होती."

"चिठ्ठी काय, कुणीही देतं."

पोरं नेमकी त्यांच्याच दुकानापाशी थांबली. बाहेरच्या भिंतीवर कितीही रंग मारला तरी एक तपकिरी रेघ वर यायची. दोन वेण्यांची एक मुलगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्या चार बोटं वर होती.

"पूर आला तेव्हा तुम्ही कुठे होता, आजोबा?" तिने विचारलं.

"आम्ही त्या दिवशी घरी नव्हतोच."

वाक्य आपसूक निघालं. त्यांचे वडील मरेपर्यंत हेच सांगत आले होते. मुलीने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि पोरं रस्ता ओलांडून समोरच्या बेकरीत गेली.

बेकरीवाला घड्याळवाल्यांच्याच वयाचा. पुराच्या आधी दोघं दिवसभर एकत्र उंडारायचे. पुरानंतर दोन घरांतलं बोलणं जे बंद झालं, ते आजतागायत. आता तो म्हातारा पोरांना काय सांगत असेल? डोळ्याला भिंग लावून ते कामाला बसले, पण लक्ष सगळं समोरच्या काचेकडे. बेकरीवाला हसताना दिसला. मग त्याने मान हलवली. मग मुलीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला.

पुढचे तीन दिवस त्यांनी घर डोक्यावर घेतलं. दूधवाला थांबला तरी वाटायचं, हा तेच ऐकून आलाय. बायकोने शेवटी विचारलं, "तुम्ही एवढं घाबरता कशाला?" त्यावर ते जेवता जेवता ताटावरून उठले.

चौथ्या दिवशी दुपारी वेण्यांची मुलगी परत आली, सोबत बाई.

"आमच्या बाई म्हणतात, दोन माणसांनी वेगवेगळं सांगितलं तर दोघांना परत विचारायचं."

"काय वेगळं सांगितलं त्याने?"

"बेकरीवाले आजोबा म्हणाले, घड्याळवाले घरीच होते. पुढचं त्यांचं त्यांना विचार, मी सांगणार नाही."

हा सापळा आहे, हे घड्याळवाल्यांनी लगेच ताडलं. नाही म्हणावं तर खोटं वहीत कायमचं राहील. हो म्हणावं तर मेलेल्या बापाचं नाव जाईल. मुलगी पेन्सिल धरून उभी होती. तिला घाई नव्हती.

"लिही," ते म्हणाले. "आम्ही आतच होतो. मी नऊ वर्षांचा. बाहेर पाणी कमरेला लागलेलं. वडील लोकांची घड्याळं माळ्यावर चढवत होते. समोरच्या बेकरीतल्या काकूंनी दार ठोठावलं, त्यांना आमच्या जिन्याने वर यायचं होतं. वडील म्हणाले, दार उघडलं तर पाणी आत येईल. नाही उघडलं. काकू पाण्यात पडल्या, पाय मोडला. त्या जन्मभर लंगडल्या."

"आणि तुम्ही?"

"मी जिन्यावर बसलो होतो. कडी माझ्या हाताला पोचत होती."

बाईंनी हळूच विचारलं, "हे शाळेच्या प्रदर्शनात भिंतीवर लावू नये असं वाटत असेल तर सांगा. पोरं दुसरं काही लावतील."

त्यांनी बराच वेळ भिंग पुसलं. "लावा. पण वडिलांच्या त्या 'घरी नव्हतोच' या वाक्यासकट लावा. तेही याच गल्लीतलं आहे."

प्रदर्शनाच्या सकाळी ते शाळेत गेले ते लोकांच्या नजरा चुकवतच. लोक वाचत होते आणि पुढे सरकत होते. कुणी कुजबुजलं की त्यांना आपलंच नाव ऐकू यायचं. बेकरीवाला मात्र कागदासमोर खिळून उभा होता. चष्मा वर करून त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"यात एक चूक आहे," तो मान न वळवता म्हणाला.

आता हा सगळं चारचौघांत काढणार, असं घड्याळवाल्यांना वाटलं.

"दार आईने नाही ठोठावलं. तिच्या दोन्ही हातांत धाकटी होती. ठोठावलं मी. तुझ्या नावाने हाका मारत होतो."

"ऐकल्या होत्या मी."

"मला आजवर वाटायचं, पाण्याच्या आवाजात तुला ऐकू गेल्या नसतील."

बेकरीवाल्याने वेण्यांच्या मुलीला बोलावून खोडरबर मागितलं. 'काकूंनी' खोडून तिथे 'काकूंच्या मुलाने' लिहिलं. मग पेन्सिल घड्याळवाल्यांपुढे धरली.

"हाकांचं तू लिही. तुझं अक्षर बरं होतं."

त्यांनी भिंतीला कागद टेकवून लिहायला सुरुवात केली. बेकरीवाला शेजारी उभा राहून प्रत्येक शब्द वाचत होता, कारण घड्याळवाल्यांवर त्याचा अजूनही पुरता विश्वास बसलेला नव्हता.