मामांची तेवीस लाल कामं

सोमवारी सकाळी नऊ वाजता रुग्णालयाच्या तळघरातल्या देखभाल विभागात चार माणसं एका बाकावर ओळीने बसली होती: सुतार, वायरमन, प्लंबर आणि पंप-बॉयलर सांभाळणारे मामा. समोर टेबलावर चार नवे मोबाइल होते आणि टेबलामागे सॉफ्टवेअर कंपनीने पाच दिवसांसाठी पाठवलेली प्रशिक्षक. ती मामांची सख्खी भाची होती. कंपनीला हे माहीत नव्हतं, रुग्णालयाच्या कार्यालयालाही नव्हतं. बाकावरच्या तिघांना मात्र पंधरा दिवस आधीपासून माहीत होतं, कारण मामांनी दुसरं काही बोलणंच सोडलं होतं.

"मामा, तुम्ही हा फोन घ्या," ती म्हणाली.

सुतार लगेच प्लंबरकडे वळला. "ऐकलंस का? घरी 'ए मामा' आणि इथे 'तुम्ही'. पाच दिवस मान आहे बघ माणसाला."

"असू दे की," मामा म्हणाले. "तुला तर घरीही नाही."

नवी पद्धत साधी होती. वॉर्डातून तक्रार आली की ती ज्याच्या त्याच्या फोनवर येणार. 'स्वीकारलं' दाबायचं, काम करायचं, 'पूर्ण' दाबायचं. पूर्ण झालेलं काम हिरवं होऊन यादीतून जाणार, बाकीची लाल राहणार.

"इतकंच?" वायरमनने विचारलं.

"इतकंच."

"मग पाच दिवस कशाला?"

दुपारी तिने मामांची खिशातली डायरी मागून घेतली, तिच्यातली हातावरची कामं एकेक करून त्यांच्या फोनमध्ये भरली आणि डायरी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. "आता हे डोक्यात ठेवायचं नाही आणि खिशातही नाही. फोन लक्षात ठेवतो." मामांनी ड्रॉवरकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली.

मंगळवारी प्रशासन अधिकारी खाली आले. माणूस मोजकं बोलणारा. मामा दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि वर्षभराच्या मुदतवाढीचा त्यांचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. साहेबांनी सगळ्यांसमोरच सांगितलं, "शुक्रवारी चार वाजता मी अहवाल बघणार. ज्याची पाचापेक्षा जास्त कामं प्रलंबित असतील त्याला नवी पद्धत जमली नाही असं धरलं जाईल. मग मला शिफारस करता येत नाही. नियम मी केलेला नाही."

बुधवारी संध्याकाळी सुताराच्या यादीत शून्य लाल कामं होती. तो तक्रार आली की आधी 'पूर्ण' दाबायचा आणि मग हत्यारांची पिशवी शोधायला लागायचा.

"अहो, आधी काम, मग पूर्ण," ती म्हणाली.

"ताई, पत्रिका आधी छापतात की लग्न आधी लावतात?"

मामांच्या यादीत तेवीस लाल कामं होती. तिने एकेक उघडून पाहिलं. बॉयलर-खोलीतल्या पंपाचं सील सोमवारीच बदललेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या नळाचा वॉशरही बदललेला होता. तेवीसच्या तेवीस ठिकाणी हात लागून झालेला होता.

"मामा, हा पंप चालतोय ना?"

"चालतोय."

"मग पूर्ण दाबा."

"चालतोय म्हणजे झाला असं कुठे आहे? पंपाला आठ दिवस द्यायचे. वाफेच्या व्हॉल्व्हलाही आठ. नळाला तीन. बिजागरीला एक पुरतो."

"हे कुणी ठरवलं?"

"पंपाने."

ती त्या आठवड्यात मामांकडेच उतरली होती. रात्री जेवताना तिने विषय पुन्हा काढला. "मामा, ऐक ना. तेवीस वेळा अंगठा लावायचा, बस्स. नाहीतर मुदतवाढ गेली."

मामा भात कालवत राहिले. मामी वाढता वाढता म्हणाल्या, "त्यांना सांगून उपयोग नाही गं. तीस वर्षं झाली लग्नाला, मला तरी कुठे 'पूर्ण' म्हणालेत? अजून बघताहेत." मग आवाज जरा उतरला. "पण काहीतरी कर बाई. हे घरी बसले तर माझ्या कपाटांचे स्क्रू आवळून आवळून दारं उघडायची नाहीत."

मामा हसले, पण पाणी प्यायला उठले ते बराच वेळ परत आलेच नाहीत. अठ्ठावीस वर्षं ज्या तळघरात काढली तिथून कुणी दोन महिन्यांनी निघायला सांगणार, हे त्यांना कळत होतं. फक्त त्यासाठी न झालेल्या कामाला झालं म्हणणं त्यांच्या हाताला येत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी सहा चाळीसला तळघर रिकामं झालं. भाचीने लॅपटॉप उघडला. प्रशिक्षकाला कुणाच्याही यादीत फेरफार करता येत होता. चार मिनिटांत तिने तेवीस कामं हिरवी केली. सगळ्या गोष्टी चालू होत्या, त्यामुळे यात खोटं काही नाही, असं तिने स्वतःला समजावलं. घरी कुणाला काही बोलली नाही आणि नेहमीपेक्षा जास्त जेवली.

शुक्रवारी साडेसात वाजता ती पोहोचली तेव्हा मामा टेबलाशी उभे होते. फोन दोन्ही हातांत धरला होता, भरलेली वाटी धरावी तसा.

"माझी यादी गेली गं."

"गेली म्हणजे?"

"मी काही दाबलं नाही. झोपताना उशाशी ठेवला होता. कुशीवर वळताना बोट लागलं असेल का?" त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "साहेबांना सांगून टाकतो, आपल्याला हे नाही जमत. तुझ्यावर नको यायला. तू शिकवलंस नीट."

तिला दोन शब्द बोलून वेळ मारून नेता आली असती. तिने खुर्ची ओढली आणि बसूनच सांगितलं, "मामा, मी केलं ते. काल संध्याकाळी. सगळी हिरवी केली."

मामांनी टेबलावरचा फोन उचलून पुन्हा हातात घेतला. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"लाँड्रीचा व्हॉल्व्हपण?"

"सगळी."

"काल तो बंद करून पुढच्या पाइपला हात लावला. गार लागायला हवा होता, कोमट लागला. आज पहिला तोच बघायचा होता." मग फोनकडे बघत म्हणाले, "डायरीत खाडाखोडीत एखादं काम राहून जायचं. यात नव्हतं राहत. सकाळी उठलं की लाल बघायचं आणि त्याच क्रमाने फेरी मारायची. चांगलं यंत्र आहे तुझं."

चौघांपैकी एकच माणूस आपलं सॉफ्टवेअर कामासाठी वापरत होता आणि आपण त्याचीच यादी पुसली, हे तिला आता कळलं. तिने लॅपटॉप उघडला. बंद केलेलं काम पुन्हा उघडता येत होतं, पण प्रत्येक वेळी कारण विचारलं जाई, आणि ते कारण उघडणाऱ्याच्या नावासकट अहवालात उतरे. तिने लिहिलं: 'काम तपासणीत आहे. प्रशिक्षकाने मुद्दाम बंद केलं होतं.' तेवीस वेळा लिहिलं.

मग दोघं फेरीला निघाले. लाँड्रीतल्या पाइपला मामांनी फडक्यातून बोट लावलं आणि तसंच मागे घेतलं. व्हॉल्व्ह बंद होता, तरी वाफ पुढे जात होती. शेजारी एक बाई चादरींच्या घड्या घालत होती. घडी उचलताना दर वेळी तिचा कोपर पाइपपासून वीतभर अंतरावरून जाई.

"बाई, अर्धा तास पलीकडे बसता का?" मामा म्हणाले. "वाफ बंद करून हे उघडतो."

चाळीस मिनिटं लागली. भाचीने पाने हातात देण्याचं काम केलं आणि दोनदा चुकीचा पाना दिला. बाकीच्या ठिकाणी मामा कुठे हात ठेवत, कुठे कान लावत. सांध्याखाली काल ठेवलेला कागद कोरडा निघाला की खिशात घालत. चार कामांचे दिवस भरले होते. ती त्यांनी स्वतः अंगठ्याने 'पूर्ण' केली, प्रत्येक वेळी तिच्याकडे बघून. एकोणीस उरली.

बरोबर चार वाजता साहेब अहवालाचे कागद घेऊन आले. सुताराचं शून्य, प्लंबरचं दोन, वायरमनचं चार. चौथ्या कागदावर ते थांबले.

"एकोणीस. आणि हा शेरा काय आहे? मुद्दाम?"

"हो, साहेब," भाची म्हणाली. "मीच बंद केली होती. ते माझे मामा आहेत."

"ते तर सगळ्यांचेच मामा आहेत."

"माझे सख्खे."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमच्या कंपनीला माहीत आहे?"

"आज कळवणार आहे. हेही आणि तेही."

साहेब मामांकडे वळले. "शेऱ्यात काम तपासणीत आहे म्हणता, म्हणजे दुरुस्ती झालेली आहे. मग बंद का करत नाही?"

"साहेब, पेशंटचा ताप उतरला की त्याच तासाला घरी पाठवता का? ठेवून घेता ना दोन दिवस?"

सुतार खोकला. वायरमनने त्याला कोपराने ढोसलं.

"ठेवून घेतो," साहेब म्हणाले. "पण त्याला आम्ही 'निरीक्षणाखाली' म्हणतो. 'प्रलंबित' नाही म्हणत." मग भाचीला विचारलं, "तुमच्या यंत्रात असा रकाना आहे का?"

"नाही. करता येईल. वीस मिनिटं लागतील."

"मी थांबतो."

ते खरंच थांबले. बावीस मिनिटांनी नवा कागद निघाला: मामा, प्रलंबित शून्य, निरीक्षणाखाली एकोणीस, आणि प्रत्येकासमोर किती दिवस उरले तो आकडा. साहेबांनी एकेक आकडा वाचला.

"ताई, मलाही त्या रकान्यात चार कामं टाका की," सुतार म्हणाला.

"त्याआधी ती करावी लागतात," साहेब परस्पर म्हणाले. भाचीला त्यांनी बजावलं, "तुमचा शेरा मी पुसायला सांगणार नाही. अहवालात राहील."

"राहू दे," ती म्हणाली.

मग त्यांनी फायलीतून मुदतवाढीचा अर्ज काढला, खाली 'शिफारस करण्यात येत आहे' असं लिहिलं, शाईच्या पेनने सही केली आणि कागदाची घडी घालायला लागले.

"साहेब, थांबा," मामा म्हणाले. "वाळू दे."