वरच्या बांधीचं पाणी

दिवाळीच्या सुमारास निर्मलाला लकवा मारला. पाय सावरला, वाचाही परतली, उजवा हात तेवढा ओल्या पोत्यासारखा लोंबत राहिला. घरात नवराबायको दोघंच, तेव्हा तिची वेणीफणी तुलारामच्या गळ्यात पडली. जन्मभर दिघोरीच्या बांध्यांत, धानाच्या चिखलात राबलेल्या माणसानं म्हातारपणी अंबाडा घालायला शिकावं, म्हणजे कहरच! "डोक्यावर नांगर चालवून राहिले का जी?" ती म्हणायची, आणि हसता हसता तिचे डोळे भरायचे. एकदा तरी आपल्या हातानं अंबाडा बांधायचा, एवढंच तिचं मागणं होतं.

व्यायाम शिकवायला येणारी हर्षा म्हणाली, हात धड आहे, मेंदूचा हुकूम यायची वाट तेवढी बुजली आहे, ती दुसरीकडून निघेल. तुलारामनं समोर बसून आपला हात उचलायचा आणि निर्मलानं तो पाहत स्वतःचा उचलू बघायचा.

"पाट बुजला का आपण वरच्या बांधीतून खालच्या धानाले पाणी घेतो, तसंच ना?" तुलारामनं विचारलं.

"अगदी तसंच, काकाजी."

बरेच दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी असेच समोरासमोर बसले असताना तुलारामचा कान खाजला. तो हात उचलणार, तोच निर्मलाचा उजवा हात वर गेला आणि स्वतःचा कान खाजवून खाली आला.

"अवो, पाह्यलं का!" ती रडूच लागली. "मी त मनातबी आणलं नोहोतं!"

आनंदाच्या भरात तुलाराम आपली खाज विसरला.

हात सुधारत गेला. मात्र तुलारामला तंबाखूची तल्लफ आली की निर्मलाचा अंगठा तळव्यावर फिरू लागे, आणि तिनं तर जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. त्याच सुमारास त्याच्या हातून पाण्याचा गिलास निसटला. हात तेलकट होता, असं तो म्हणाला. खालची बांधी भरताना वरचीत किती उरलं ते बघावं लागतं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. तो मनातून भ्याला. पण निर्मला शेजारणींना बोलावून बोलावून मूठ मिटून दाखवी, तेव्हा सांगायला त्याची जीभ रेटेना.

आज दुपारी ती आरशासमोर बसली. "आता मले बांधू द्या."

तुलाराम मागे खाटेवर बसला. त्यानं मनातल्या मनात केस विंचरले, पीळ दिला, वेढा घातला. समोर तिचे हात तसेच चालले होते.

"पाहा, तुमच्यावानीच वाकडा बसून राहिला!" ती खुदकन हसली. उजव्या हातात अंबाडा धरून ती डाव्या हातानं आकडा शोधू लागली.

तेवढ्यात एक माशी तुलारामच्या ओठावर बसली. त्याचा हात मांडीवर पडून होता. माशी गालावरून चढत डोळ्याच्या कडेला आली.

निर्मलाला आकडा सापडेपर्यंत तुलाराम मनातसुद्धा हलला नाही.